मोजणारीची काच

१२ जानेवारी १९८६, रविवार

श्रावणला पुन्हा कामावरून काढलं. संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचं काम, बसून करायचं, तेही गेलं. ठेकेदार दारात येऊन आईला सांगून गेला, "मावशी, तुमचा पोरगा ढोंगी हाय. काल खिदळून राहिला होता, आज म्हणते हाडं फुटून राहिले." मी आत होते. इतका संताप आला की हातातली पळी कढईत आपटली आणि वरण अंगावर उडालं.

श्रावण माझा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा. लहानपणापासून त्याला कळा येतात. कधी गुडघे, कधी पाठ, कधी छाती. डोळे पिवळे होतात. चार-आठ दिवसांत आपोआप बरा होतो, आणि मग लोकांना वाटतं की सगळं नाटक होतं. तेलं झाली, काढे झाले. गेल्या महिन्यात नागपूरला एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, याच्या रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. म्हणून कळा. पक्कं औषध नाही. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत जपायचं.

परतीच्या गाडीत मी तेच घोळवत होते. ताठ वस्तू, बारीक नळी, अडकणं. हे तर माझंच खातं! मी इथे पांढुर्ण्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. अडकणं मोजता येतं, आणि जे मोजता येतं त्याला कुणी ढोंग म्हणू शकत नाही. तेव्हा उर्मिलाबाई, लागा कामाला.

१५ जानेवारी

सूक्ष्मदर्शक प्राणिशास्त्राच्या ताब्यात. विभागप्रमुख विनायक सर. माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लंबक हलवा, भिंगं लावा. रक्त हा आमचा विषय."

मी म्हटलं, "सर, रक्त नळीतून वाहतं. वाहणं हा माझा विषय आहे."

त्यांना ते आवडलं नाही. मग हळूच म्हणाले, "हा रोग तुमच्या लोकांत असतो म्हणे. आमच्यात नसतो."

"न मोजता कसं कळलं तुम्हाला?" मी टाचणी पुढे केली. "द्या बोट, आत्ता बघू."

सरांनी हात खिशात घातला. बाहेर येऊन मला हसू आवरेना. एवढा शिकलेला माणूस आणि स्वतःच्या एका थेंबाला घाबरतो! प्राचार्यांकडे जाऊन भांडले. शेवटी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि रविवारची किल्ली मिळाली.

२ फेब्रुवारी, रविवार

दिसले! विळे दिसले!

पद्धत सोपी आहे. बोटाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात रसायनशास्त्राच्या कपाटातल्या एका पांढऱ्या पुडीचं पाणी मिसळायचं, वर पातळ काच ठेवून कडा मेणाने बंद करायच्या. ती पूड रक्तातला प्राणवायू ओढून घेते, आणि सदोष पेशी हळूहळू वाकू लागतात. पूड जुनी होती, म्हणून श्रावणला टोचण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी थेंबावर करून पाहायचं ठरवलं. सुखदेव आलेलाच होता.

सुखदेव माझा आतेभाऊ. तिगाव स्टेशनवर पॉइंट्समन आहे, दांडे ओढून गाड्यांचे रूळ बदलतो. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून माझं लग्न त्याच्याशी ठरलेलं आहे. मामाची मुलगी भाच्याला, हे आमच्याकडे विचारावंही लागत नाही. त्याने बोट पुढे केलं, "घे. लग्नाआधीच रक्त पिऊन राहिली, मंग काय करशीन?"

तासाभराने पाहिलं तर त्याच्याच काचेवर विळे. सगळे नाहीत, पण पुष्कळ. पूड काम करत होती! आनंदाने मी टेबलावर थाप मारली. मग श्रावणचा थेंब घेतला. त्याच्यात तर पूड न टाकताच विळे दिसले. दुपारी आई-बाबांना बोलावलं. दोघांच्याही काचा सुखदेवसारख्या.

श्रावणला फळ्यावर काढून दाखवलं. प्रत्येकाला रक्ताचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच वाटा सदोष असला तर माणूस धडधाकट असतो, नुसता वाहक. आई तशी, बाबा तसे. सुखदेव तसा, बघा कसा दांडे ओढतो. दोन्ही सदोष वाटे ज्याच्या पदरात पडले तो श्रावण. "मतलब मी खरंच बिमार हाय," तो म्हणाला. आजारी ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

निघताना सुखदेव म्हणाला, "सगळ्यायचं झालं. आता तुह्यी काच लाव ना."

"मी मोजणारी आहे. थर्मामीटर स्वतःचा ताप पाहत नसतो."

"वा वो मास्तरीण," तो म्हणाला आणि सायकलवर टांग मारली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बर्नरवर काचेची नळी ओढून केसासारखी बारीक केली. तीन आठवडे यात गेले, बोटं भाजली. आज आधी सुखदेवचं रक्त मिठाच्या पाण्यात मिसळून सोडलं. सरसर गेलं. श्रावणचं निम्म्या वाटेत थबकलं. तिथेच थांबून राहिलं, जसा तो जिन्यावर थांबतो.

मी तडक मंडीत गेले आणि ठेकेदाराला अक्षरशः ओढत प्रयोगशाळेत आणलं. दोन्ही नळ्या दाखवल्या. त्याने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"खरं हाय बाई," तो म्हणाला. "ढोंगी नाही. बिमार हाय. पण बिमार माणूस मले कायले पाहिजे?"

मला वाटलं होतं की सिद्ध झालं की संपलं. श्रावण म्हणतो, "जाऊ दे ताई. ढोंगी नाही म्हणला ना तो, तेवढं बस झालं." त्याला बस झालं असेल. मला झालेलं नाही. आता आख्ख्या वस्तीचं रक्त तपासणार आहे. बघू किती ढोंगी निघतात.

९ मार्च, रविवार

वस्तीत निम्मी दारं बंद झाली. रामाजी काका विहाराच्या समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांचं ऐकतात. ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, "पोरी, कालपर्यंत लोकं आपल्या सावलीले बाटत होते. आता तू त्यायच्या हाती आणखी एक गोष्ट देऊन राहिली. म्हणतीन, यायचं रक्तच खराब."

मी पण ओट्यावर चढले. म्हटलं, "काका, हे रक्त खराब नाही. एक वाटा असला की हिवतापाने माणूस सहसा दगावत नाही. आपले आजे-पणजे तापाच्या मुलखात राबले आणि जगले, ते याच रक्ताच्या जोरावर. हे जगून दाखवलेल्या माणसांचं रक्त आहे. मी ते लपवणार नाही."

पुष्पाकाकूने पदर खोचला आणि पहिलं बोट पुढे केलं. तिचा धाकटा मुलगा असाच कळा येऊन गेला होता. "मले माहीत करून घ्याचंच हाय," ती म्हणाली. मग रांग लागली. मला त्या बायकांचा फार अभिमान वाटला.

३० मार्च, रविवार

गणित जुळत नाही.

आतापर्यंत अडीचशेच्या आसपास माणसं तपासली. पाचात एक वाहक. म्हणजे वाहक-वाहक जोडपी किती पडतील आणि त्यांच्यात श्रावणसारखी मुलं किती, हे कागदावर सहज निघतं. पत्ते पिसून वाटावेत तसा हिशोब. गणित म्हणतं, वस्तीत अशी तीन माणसं असावीत. सापडली सहा. आकडे लहान आहेत, योगायोग असू शकतो. पण सहाच्या सहा पुन्हा तपासली, सहाच निघाली. विनायक सरांना कळलं तर म्हणतील, फिजिक्सवाल्यांना जीव कळत नाही.

संध्याकाळी आत्या आली, पंचफुलाआत्या, मोहगावहून. बाबांची थोरली बहीण आणि माझी होणारी सासू. एक जूनची तारीख ठरवून आली. लग्न मोहगावला, तिच्या दारी. माझ्या कागदांवर हात फिरवून म्हणाली, "हे सारं लग्नानंतर बंद कर बरं. माह्या भावाची पोरगी माह्या घरी सुखात राहिली पाहिजे." तिने मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला लहानपणापासूनचा तोच कापराचा वास आहे. लग्नाचं ऐकून मला खूप बरं वाटलं.

१७ एप्रिल

पत्रिका छापायला गेले. छापखान्यात मजकूर वाचून दाखवत होते. वधूचे वडील यशवंतराव. वराचे मामा यशवंतराव. छापणाऱ्याने विचारलं, "बाई, हे नाव दोनदा कसं आलं? चुकलं काय?"

मी म्हटलं, चुकलं नाही, आमच्यात असंच असतं.

आणि तिथेच माझं डोकं सुन्न झालं. मी हिशोबात प्रत्येक माणूस एकदाच धरला होता. पत्ते पिसलेले असतात असं धरलं होतं. आमच्यात पत्ते पिसतच नाहीत! मामाची मुलगी, भाचा, पुन्हा त्यांच्या मुली भावाच्या मुलांना. तेच वाटे त्याच घरात फिरत राहतात. दोन सदोष वाटे एकत्र यायची शक्यता गणितापेक्षा वाढणारच. घरी धावत येऊन सहाही घरं तपासली. पाच घरांत आई-बाप आते-मामेभावंडं. आमच्या घरातही! आई बाबांच्या मामाची मुलगी आहे.

गणित जुळलं. शोध लागला. पत्रिकेचा मजकूर वाचायचा अर्धाच राहिला, उद्या जाते.

२० एप्रिल, रविवार

प्रयोगशाळेत गेले होते. वेळ मिळाला नाही.

२७ एप्रिल, रविवार

पूड संपत आली आहे. वस्तीतल्यांसाठी जपून ठेवायला हवी.

४ मे, रविवार

पूड भरपूर होती. कपाटात आख्खी बाटली निघाली. बोटाला टाचणी लावली आणि ठेवून दिली. विनायक सरांचा खिशात गेलेला हात सारखा आठवतो. त्यांना हसले होते मी.

११ मे, रविवार

तिगावला गेले. दुपारची मालगाडी निघून गेली होती. सुखदेव फलाटावरच्या निंबाखाली डबा खात होता. मी त्याला पत्रिकेचं, पत्त्यांचं, सगळं सांगितलं. तो चटणीला बोट लावून ऐकत होता.

"माह्यी काच तर पहिलीच होती," तो म्हणाला. "मले तवापासून माहीत हाय. मी रोज वाट पाहून राहिलो का तू आपली कवा लावते."

"बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. थर्मामीटर म्हणली तू."

मला रडू आलं. आई वाहक, बाबा वाहक, मी धडधाकट. तीन शक्यतांपैकी दोनांत मी वाहक आहे. हे गणित फेब्रुवारीतच फळ्यावर होतं. शाळेतल्या मुलीने सोडवलं असतं. मी फळ्यावर आईला काढलं, बाबांना काढलं, श्रावणला काढलं. स्वतःला काढलंच नाही.

सुखदेव म्हणाला, "बुद्धपौर्णिमेले विहारात भिंतीवर रक्त दाखवणार हायेस ना सगळ्यायले? उन्हासाठी आरसा मी धरतो. तुले जे कराचं ते कर."

२३ मे, बुद्धपौर्णिमा

विहाराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. एका घोंगडीला भोक. बाहेर सुखदेव त्याचा दाढीचा मोठा आरसा घेऊन उन्हात उभा, उन्हाचा झोत भोकातून आत सोडायला आणि सूर्य सरकेल तसा आरसा वळवायला. काचपट्टी तापू नये म्हणून मध्ये पाण्याचं भांडं. पुढे सूक्ष्मदर्शक आडवा, आणि समोर चुन्याची पांढरी भिंत. भिंतीवर श्रावणचं रक्त उजळलं तेव्हा मागची माणसं उठून उभी राहिली. विळे स्वच्छ दिसत होते. श्रावण उठून भिंतीजवळ गेला, हात लावला आणि म्हणाला, "हे पाहा माह्यं ढोंग."

मग मी आते-मामेभावंडांच्या लग्नांचं सांगितलं. बंद करा असं म्हटलं नाही. आधी दोघांची काच पाहा, मग ठरवा, एवढंच म्हटलं. कुजबुज सुरू झाली. आत्या पुढच्या ओळीत होती, तिचा चेहरा आवळला.

रामाजी काका उठले. "मास्तरीणबाई, साऱ्या वस्तीच्या बोटाले टोचलं. तुह्या बोटाले काय झालं? तुह्यं लग्न तर आठ दिवसांवर आलं."

ते मला अडवायला बोलले होते. मी टाचणी दिव्यावर धरली आणि सगळ्यांसमोर बोटात खुपसली. पुडीचं पाणी मिसळलं, काच लावली, कडा मेणाने बंद केल्या, भिंतीवर टाकली. गोल, छान, गुबगुबीत पेशी. आत्या मोठ्याने म्हणाली, "पाह्य, काही नाही!" मी म्हटलं, "तास जाऊ दे आत्या."

खीर वाटली गेली. कुणी घरी गेलं नाही. बाहेर सुखदेव आरसा वळवत होता. थोड्या वेळाने एक पेशी टोकाकडून निमुळती झाली. मग दुसरी. मग जिथे पाहावं तिथे. "ही माझी काच," मी म्हणाले. "सुखदेवची अशीच आहे." आत्या ताट ठेवून निघून गेली.

२४ मे

रात्रभर आमच्याकडे बैठक. आत्या म्हणते, "चारातलं एकच बिमार होते ना? तीन तर बरे! लग्न मोडाचं नाही."

मी म्हटलं, "आत्या, चौथ्याचं काय?"

तेव्हा कोपऱ्यातून श्रावण म्हणाला, "चौथा मी हाय." मग तो माझ्याकडे वळला, "ताई, तू नाही म्हणून राहिली, मतलब माह्यासारखं लेकरू नाही पाहिजे. मतलब मी नसतो तर बरं झालं असतं?"

जानेवारीपासून ज्याच्यासाठी भांडले त्यानेच हे विचारलं. मी उठून मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

२५ मे

सकाळी श्रावणच चहा घेऊन आला. म्हणाला, "तू हो म्हण नाही तर नाही म्हण. पण माह्या नावावर नोको म्हणू. तुह्या नावावर म्हण."

त्याचं बरोबर आहे. मी मोहगावला गेले आणि आत्यासमोर बसले. म्हटलं, "श्रावणसारखा भाऊ मला सात जन्म चालेल. पण लेकराला कळा येताना आईने रात्र-रात्र कसं बसायचं, ते मी आईचं पाहिलं आहे. माझ्यात ती ताकद नाही. मी घाबरते. म्हणून नाही म्हणते. सुखदेववर माझा जीव आहे, तरी नाही म्हणते."

आत्या ओरडली, "माह्या घरात हे नव्हतंच कधी! तुह्या आईकडून आलं!" पोराच्या काचेचं तिला माहीत होतं. सुखदेव दारात उभा होता. त्याने मान डोलावली आणि खाली घातली.

१ जून, रविवार

मांडव उतरवला नाही. सुखदेवने उतरवू दिला नाही. पत्रिका वाटलेल्या होत्या, निरोप न पोचलेले पाहुणे येणारच होते. त्याने निरोप धाडला, "मोहगावची वस्ती तपासायची राहिली हाय. सावली आयती हाय. आरसा मी आणतो."

मी, बाबा आणि श्रावण पहिल्या बसने गेलो. नवऱ्या मुलासाठी मांडलेल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला. बाबा गेटशी उभे राहून येणाऱ्यांना सांगत होते, लग्न नाही, पण जेवून जा, आणि बोट देऊन जा. काही जण शिव्या देऊन परतले. बरेच थांबले. टोचायचं काम आता श्रावण करतो, मला करू देत नाही. प्रत्येकाला सांगतो, "घाबरू नोको, मी यातला जुना माणूस हाय."

उन्हं कलल्यावर आत्या घरातून बाहेर आली. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नव्हती. माझ्याकडे पाहिलं नाही. श्रावणपुढे बसून हात लांब केला.

"घे रक्त. पाहू दे कोणापासून आलं ते. नाही निघालं तर चारचौघांत सांगीन."

श्रावणने सुई टोचली. आत्या एवढ्या जोरात "आई वो" म्हणून ओरडली की आरसा धरलेला सुखदेवही दचकला.

श्रावण तिच्या बोटाला कापूस लावत म्हणाला, "काय आत्या, ढोंग करून राहिली काय?"

आत्या हसायला लागली, आणि हसता हसता त्याचं डोकं छातीशी धरून रडायला लागली. मी थेंब काचेवर घेतला, पुडीचं पाणी मिसळलं, वर पातळ काच ठेवली आणि कडा मेणाने बंद केल्या.